अप्पांची विभूती आणि सप्लाय

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या दुष्काळातली गोष्ट. आठवीत शाळा सोडलेला मी देगलूरहून येऊन अप्पांच्या टायपिंगच्या दुकानात लागलो होतो. अर्ज दोनच प्रकारचे यायचे: टँकर पाठवा, नाहीतर आमच्या तालुक्याचा नवा जिल्हा करा. राहायला दुकानावरची खोली, भाकरी अप्पांच्या घरची. माझ्या आधीच्या माणसानं की-बोर्डवर चहा सांडला, तर अप्पांनी त्याला त्याच दुपारी गावाकडं धाडलं होतं. म्हणून मी चहा पार रस्त्यावर उभा राहून प्यायचो.

अप्पा रोज सकाळी कपाळाला विभूती लावत, मग तीच बोटं बंद काँप्युटरच्या डब्यावर ओढत आणि उरलेली मागच्या जाळीवर झटकत. काँप्युटर जुना, त्यांच्या फार मायेचा.

एका सकाळी मी बटण दाबलं आणि 'फट्' झालं. जळका वास सुटला.

"काय केलास रे?" अप्पा ओरडले.

"काही न्हाई अप्पा. नुसतं बटण दाबलो."

त्यांनी माझ्या हाताकडं असं पाहिलं की मला देगलूरची एसटी दिसायला लागली.

डबा उचलून मी काँप्युटरच्या पार्टवाल्याकडं गेलो. त्यानं तपासून सांगितलं, "सप्लाय गेलाय. बाकी सगळं ठीक हाय." वीज पुरवणारा तो आतला डबा काढून त्यानं काउंटरवर आपटला, तर जाळीतून भसाभस पांढरी राख पडली.

"चुलीपाशी ठेवतूस का रे ह्याला? आतला पंखाच जाम झालाय!"

मी ओळखलं, ही अप्पांची विभूती. आता अप्पांना सांगावं तर ज्यांची भाकरी खातो, त्यांच्या देवावर आळ. न सांगावं तर आळ माझ्यावर, आणि नवा सप्लायही महिनाभरात जाणार.

त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून त्यानं नवा सप्लाय मलाच बसवायला दिला. परत येऊन मी चार स्क्रू आवळले, पिना खोचल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. अप्पा माझ्या मानेवर श्वास सोडत उभे. मी पार्टवाल्याला फोन लावला.

"प्रोसेसरजवळची चार तारांची पिन लावलास का?"

नव्हती लावली. लावली, आणि पडदा उजळला.

"शाबास!" म्हणत अप्पांनी खुशीत विभूतीची डबी उघडली. बोटं भरून हात जाळीकडं निघाला आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"अप्पा, आत... राख साचली होती. तिनंच पंखा अडकला."

"राख न्हाई, विभूती म्हण."

"विभूती साचली होती."

"म्हणजे मी जाळलो म्हणतूस?"

अप्पांनी मी परत आणलेला जुना सप्लाय टेबलावरून उचलून कानाशी हलवला. आत अजून विभूती सळसळत होती.

"लिंगैक्य झाला म्हण की मग बिचारा, शिवाला जाऊन मिळाला," ते म्हणाले आणि पोट हलेपर्यंत हसले.

भरलेली बोटं अजून हवेतच होती. ती कुठं पुसावी हे त्यांना कळेना. मग त्यांनी माझी हनुवटी धरली.

"तुझ्यात पंखा न्हाई ना रे?"

"न्हाई अप्पा," म्हणालो, आणि कपाळ पुढं केलं.