इराच्या नावाची सात पत्रं

माझ्या मुलीला, इराला, मराठी लिहिता येत नव्हतं. तरीही गेल्या वर्षी सप्टेंबर ते मार्च एवढ्या काळात तिने माझ्या आत्याला मराठीत सात पत्रं लिहिली. सातही सुवाच्य, प्रेमळ आणि चार-चार पानी. ती वाचून तिकडे जळगावला नलूआत्या डोळे पुसत होती, आणि इकडे दुबईत, अल बर्शामध्ये, इराला त्यांचा पत्ताच नव्हता.

चूक शाळेची आहे, असं मी बरेच दिवस म्हणत असे. इरा तेरा वर्षांची. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, त्यामुळे तिला पेशव्यांपेक्षा व्हर्जिनियातले जमीनदार जास्त माहीत. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती, तेव्हा तिथली बडी घराणी एकमेकांना सारखी पत्रं लिहायची. पत्र पोचायला कित्येक आठवडे लागायचे. आलं की ते दिवाणखान्यात सगळ्यांना वाचून दाखवायचे, आणि उत्तराची सुरुवात बहुतेक 'तू मला विसरलीस' अशा तक्रारीने व्हायची. इतिहासाच्या बाईंनी फर्मान काढलं की प्रत्येकाने घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीशी सत्रभर असाच पत्रव्यवहार करायचा. हाताने लिहून, पोस्टाने पाठवून.

"दे रोट सच स्वीट लेटर्स, बाबा," इरा जेवताना म्हणाली. "अँड दे ओन्ड पीपल. दॅट पार्ट इज हार्डली देअर."

"हो ना," मी म्हणालो. इतकी गोड पत्रं लिहिणारे गुलाम बाळगायचे आणि पत्रांत त्याचा मागमूस नसतो, असं फार मोलाचं काही मुलीने सांगितलं होतं, पण मी मनात नलूआत्याचा पिनकोड आठवत होतो.

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. मुलींना शिवणकाम शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. काका जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझी आई आजारी असायची, त्यामुळे माझं शाळेचं पहिलं दप्तर, मुंजीचा सदरा आणि कॉलेजची पहिली फुलपँट, सगळं तिच्या मशीनवर शिवलेलं. अशा आत्याला मी महिन्यातून एकदा फोन करत असे. तोही गाडी चालवताना, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या फॅक्टरीचं गेट येईपर्यंत. गेट आलं की "आत्या, ठेवतो, पोचलो."

इराने पत्र लिहिलं. चार ओळी, इंग्रजीत. 'डिअर नलू आजी, हाऊ आर यू? आय अ‍ॅम फाइन. इट इज व्हेरी हॉट हिअर. रिगार्ड्स, इरा.'

"रिगार्ड्स?" मी म्हणालो. "आजी आहे ती, एचआर नाही. आणि तिला इंग्रजी कुठे येतं?"

"देन यू ट्रान्सलेट, बाबा."

इथे माझा पाय घसरला. मी भाषांतराला बसलो आणि 'हाऊ आर यू'पाशीच थांबलो. मराठीत आत्याला 'तू कशी आहेस' एवढंच कसं विचारणार? म्हणून गुडघ्यांची चौकशी केली. मग तुळशीची केली. मग हवा 'व्हेरी हॉट' आहे हे नीट कळावं म्हणून गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं, असं लिहिलं. चार ओळींची चार पानं झाली. सुरुवातीला 'तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष' आलं आणि खाली सही केली, 'तुझी लाडकी नात, इरा'. (अक्षर माझं वाटू नये म्हणून थोडं डावीकडे झुकवलं. गुन्हेगार असाच तयार होत असावा.)

आमच्याकडे पोस्टमन दारात येत नाही. पत्र पोस्टाच्या पेटीत येतं आणि आमच्या ओळखीची एकच पेटी, कंपनीची. त्यामुळे तीन आठवड्यांनी रिसेप्शनवरच्या लीनाने इन्व्हॉइसांच्या गठ्ठ्यातून एक जांभळ्या शाईचा लिफाफा काढून माझ्यासमोर धरला. "सर, धिस इज फ्रॉम सम लेडी," ती म्हणाली, आणि 'लेडी'वर जरा रेंगाळली.

पत्र इराच्या नावाचं होतं. मी ते पार्किंगमध्ये, गाडीत बसून वाचलं. आत्याने पाच पानं लिहिली होती. माझे वडील मॅट्रिकला नापास झाले तेव्हा तीन दिवस कापसाच्या गोदामात लपले होते आणि ती त्यांना डब्यात भाकरी नेऊन देत होती, ही गोष्ट मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळली, तीसुद्धा मुलीच्या नावाने. मी ते पत्र दोनदा वाचलं. इराला त्यातलं 'आजीने खूप आशीर्वाद दिलेत' एवढंच सांगितलं. तिने लिफाफ्याचा फोटो काढला, प्रकल्पात चिकटवला आणि विषय संपवला. डिसेंबरात प्रकल्पाला चांगली श्रेणीही मिळाली.

मी मात्र लिहीत राहिलो.

तेरा वर्षांची मुलगी इतकं शुद्ध लिहील का, अशी शंका आल्याने मी तिसऱ्या पत्रात मुद्दाम नऊ चुका केल्या. आत्याने उत्तरासोबत शुद्धिपत्र जोडलं. त्यात चौदा चुका होत्या. त्या वरच्या पाच चुकांचा मला दोन दिवस राग होता.

चौथ्या पत्रात मी स्वतःची थोडी स्तुती केली. 'बाबांना फार काम असतं, पण ते तुझी रोज आठवण काढतात.' उत्तर आलं, 'रोज आठवण काढतो, तर फोनवर मागे हॉर्न का वाजत असतात? तू त्याची बाजू घेऊ नकोस बाळ. तुझा बाबा मनाने चांगला आहे. फक्त त्याला पुढे कुठेतरी पोचायचं असतं.'

मग तिने मला, म्हणजे इराला, पत्रातून काजं करायला शिकवलं. बाणांसकट आकृत्या काढून. उत्तरात काय लिहायचं म्हणून मी बेडरूमचं दार लावून जुन्या शर्टावर खरंच काज करून पाहिलं. माझ्या बायकोने, मंजिरीने, दार उघडलं तेव्हा माझ्या तोंडात दोरा होता.

"सुहास, काय चाललंय?"

मी सांगितलं. मंजिरी पलंगावर बसली. "म्हणजे इतके महिने तू आत्यांना फसवतोयस?"

"फसवत नाही गं. आनंद देतोय."

"मग स्वतःच्या नावाने दे."

"स्वतःच्या नावाने सुचत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. सुहास म्हणून लिहायला बसलो की 'इकडे सर्व क्षेम' याच्यापुढे पेन सरकत नसे. "आता एकच पत्र. मग खलास."

ते एकच पत्र पाठवायच्या आत जानेवारीत तिचं आलं. बाकी नेहमीसारखंच होतं. शेवटच्या पानावर मात्र लिहिलं होतं, 'तुला एक सांगते, बाबाला सांगू नकोस. माझ्या उजव्या डोळ्याला काही दिसत नाही. डाव्याच्याही कडा अंधारल्यात. सुईत दोरा ओवता येत नाही. बाबाला कळलं तर तो चार फोन करून सगळी व्यवस्था लावून देईल आणि स्वतः येणार नाही. तसली व्यवस्था मला नको.'

पत्रापुरतं इराला माहीत होतं, पण खऱ्या इराला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला माहीत असून चालणार नव्हतं. मी फोन लावला.

"आत्या, तब्येत कशी आहे? डोळे वगैरे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" आत्या म्हणाली. "तू कसा आहेस? पोचलास का ऑफिसात?"

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. त्याच आठवड्यात विमानात बसायला हवं होतं. मी काय केलं? मी इराच्या नावाने पत्र लिहिलं. 'आजी, तू डॉक्टरांकडे जा ना. बाबांना यायचं आहे, पण मार्चपर्यंत ऑडिट आहे.' माझं कारण मी माझ्या लेकीच्या तोंडी घातलं, तिला न विचारता.

मार्चमध्ये उत्तर आलं. डॉक्टरांचं नाव नव्हतं. 'दिसतंय तोवर तुला एकदा डोळे भरून बघायचंय,' असं लिहिलं होतं. 'एप्रिलच्या शेवटी मीच येते.'

व्हिसा काढला, तिकीट काढलं आणि मग इराला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, धिस इज लिटरली आयडेंटिटी थेफ्ट."

"दहा दिवसांचा प्रश्न आहे, इरा. तू फक्त हो आजी, हो आजी म्हण."

"नो."

शेवटी मंजिरीने आत्याची पत्रं बाहेर काढली आणि दोन संध्याकाळी बसून तिला वाचून दाखवली. इरा गोदामाच्या गोष्टीला हसली. डोळ्यांचं आलं तेव्हा ती उठून बाल्कनीत गेली. आत आल्यावर तिने मला विचारलं, "शी टोल्ड मी ऑल धिस, अँड आय नेव्हर आन्सर्ड?"

"दिलं ना उत्तर. मी दिलं."

"दॅट्स नॉट द सेम, बाबा."

विमानतळावर आत्या व्हीलचेअरवर आली. मान किंचित डावीकडे वळवून ती माणसं शोधत होती. इरा पुढे झाली. आत्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आली माझी पत्रवाली." मी सामान मोजायचं नाटक केलं. एकच बॅग होती.

दोन दिवस 'हो आजी'वर निभावलं. आत्याने विचारलं, "तुमच्या बाल्कनीतलं कबुतर अजून येतं का गं?" (चौथं पत्र, पान दोन.) इराने माझ्याकडे बघितलं. "हो आजी." आत्याने विचारलं, "आणि मग त्याचं तू काय केलंस?" "हो आजी." मी मध्ये पडलो, "फार हसायला आलं बघ आम्हाला." आत्या म्हणाली, "तुला नाही विचारलं."

तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहानंतर तिने पिशवीतून सुई, दोरा आणि कापडाचा तुकडा काढला. "चल, एक काज करून दाखव. पत्रात म्हणालीस ना, जमलं म्हणून."

इराने सुई धरली. ती कशी धरतात हे तिला खरोखर माहीत नव्हतं. माझी बोटं सोफ्यावर आपोआप हलत होती. दोन टाके वेडेवाकडे पडले, तिसऱ्याला इराने सुई खाली ठेवली.

"आजी," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मी नाही लिहिला. पत्र. बाबांनी लिहिला."

मंजिरी कप घेऊन आत चालली होती, ती जागच्या जागी थांबली.

"सगळी?" आत्याने विचारलं.

"एक माझा होता. फोर लाइन्स. चार."

आत्या थोडा वेळ कापडावरून बोट फिरवत राहिली. मी खुलासा तयार केला होता. चांगला होता. त्यात तिचं प्रेम, माझा संकोच, भाषेची अडचण, सगळं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती माझ्याकडे वळली. चांगला डोळा माझ्यावर यावा म्हणून तिला मान बरीच फिरवावी लागली.

"म्हणजे माझ्या डोळ्यांचं तुला जानेवारीत कळलं."

"हो."

"आणि तू आला नाहीस."

खुलाशात जानेवारी नव्हता. आत्या ओरडली नाही, रडली नाही. इराला म्हणाली, "इकडे ये. सुई अशी धर." उरलेला आठवडाभर त्या दोघी अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या खाणाखुणांत बोलत बसल्या. माझ्याशी ती अगदी नीट वागली. मीठ दे म्हणाली, पंखा कमी कर म्हणाली. याहून मोठी शिक्षा कुणी मला आजवर दिलेली नाही.

परतीला मी तिच्याबरोबर गेलो. रजा मागायला धीर गोळा करून साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो, तर ते म्हणाले, "फॅमिली? यल्ला, गो." यल्ला म्हणजे चल, नीघ. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. जानेवारीतही दोनच लागली असती.

जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे, उजव्या डोळ्याची नजर आता येणार नाही. डावा ऑपरेशनने आणि थेंबांनी टिकवता येईल. "थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. आत्या लगेच म्हणाली, "त्याला ऑडिट होतं हो." डॉक्टरांना वाटलं ती माझी बाजू घेतेय. मलाही क्षणभर तसं वाटलं, म्हणजे बघा.

ऑपरेशन झालं. दोन आठवडे राहून, थेंब घालून मी परत आलो. डावा डोळा टिकलाय. आता इरा स्वतः पत्र लिहिते. तिने मंजिरीकडून बाराखडी शिकून घेतली. सहा ओळी लिहायला तिला एक शनिवार लागतो, आणि मला एक अक्षर बघू देत नाही. लिफाफा बंद करून हातात देते. मी तो पोस्टात टाकतो.

आत्याची उत्तरं येतात, मोठ्या मोठ्या अक्षरांत. लीना आता काही विचारत नाही. पत्र घरी आणून दिलं की मायलेकी दार लावून घेतात, मंजिरी वाचते आणि आतून हसण्याचे आवाज येतात. परवा मी बाहेर टॉवेलांच्या घड्या घालत उभा होतो. घरातले सगळे टॉवेल संपले तरी वाचन चालूच होतं.

मंजिरी बाहेर आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्याबद्दल काही लिहिलंय?"

"लिहिलंय ना," ती म्हणाली. "तू जाड झालायस म्हणून काळजी वाटते म्हणे."

"तिला इथे बसून कुणी कळवलं?"

"इराने. सहापैकी तीन ओळी त्याच्यावरच होत्या."