ट्रेडमिलला गंध

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्या घरी पाटावर अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हत्यारं मांडली जात. पक्कड, पाना, हातोडी, तांब्याची तार गुंडाळायचं यंत्र. सगळ्यांना गंध, कुंकू, फूल. वीज मोजायच्या माझ्या मल्टिमीटरला मात्र त्या पाटावर जागा नव्हती. ज्यानं एकदा तरी आपलं बोट चेचलं नाही ते हत्यारच नव्हे, असं अप्पांचं ठाम मत. तंजावुरापासून ओरत्तनाडूपर्यंतच्या शेतांतले जळलेले पंप त्यांच्याकडे वाइंडिंगला येत, आणि मी त्यांच्या हाताखालून निसटून जिममध्ये लागलो हे त्यांना अजून पचलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. गल्फहून परतलेल्या एका गृहस्थांनी राजवाड्यामागच्या रस्त्यावर जिम काढली. तोवर तंजावुरात व्यायाम म्हणजे मोठ्या देवळाला प्रदक्षिणा. त्यांनी परदेशी ट्रेडमिल आणली आणि ती सांभाळायला मला ठेवलं. हे काम मला येतं, असं मी बेधडक ठोकून दिलं होतं. खरं तर मी फक्त यंत्रासोबत आलेलं पुस्तक वाचलं होतं. अप्पांनी ट्रेडमिल पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढंच विचारलं, की इतकं चालून माणूस जातो कुठं?

त्या वर्षी मालकांनी जिमच्या पूजेला अप्पांनाच बोलावलं. अप्पांनी ट्रेडमिलभोवती एक फेरी मारली आणि मला मोटरीवरचं झाकण काढायला लावलं. राइस मिलमध्ये पूजा मोटरीची होते; झाकणाला गंध लावणं म्हणजे नवरदेव सोडून त्याच्या छत्रीला ओवाळणं, असं त्यांचं म्हणणं. मी निमूट स्क्रू काढले. अप्पांनी आत वाकून, अगदी मनापासून, जिथं जागा दिसेल तिथं गंधाचं बोट टेकवलं. मी झाकण बसवलं, आणि रिवाजाप्रमाणे त्या दिवशी यंत्राला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. अप्पाही पानसुपारीला आले होते. चांगली वेळ बघून मालक नवे बूट घालून पट्ट्यावर चढले आणि त्यांनी बटण दाबलं. पट्टा एकदम उसळला, मालक दांडीला लोंबकळले, आणि यंत्र बंद. दुसऱ्यांदाही तेच. मालक खाली उतरून अगदी शांतपणे म्हणाले, की दुपारपर्यंत चालू झाली नाही तर मद्रासचा माणूस ठेवतो. मद्रासचा माणूस आला की मी परत अप्पांच्या दुकानात तार गुंडाळत बसणार, हे मला लख्ख दिसलं.

अप्पांनी निदान करून टाकलं: कॉइल जळली, मोटर काढ, दुकानात नेऊ. त्यांच्या आवाजात थोडा आनंदही होता. जळलेली मोटर अशी उसळत नाही, हे मला कळत होतं. पण अप्पांना मोटर शिकवायची छाती कुणाची? मी नुसतं "बघतो" म्हणालो. झाकण काढून फ्यूज पाहिला, मोटरीचे ब्रश पाहिले, पट्टा पाहिला. सगळं ठीक. तोवर अप्पांनी मोटर न्यायला दारात ऑटोही बोलावून ठेवली होती.

शेवटी पुस्तकातलं एक चित्र आठवलं. पट्टा फिरवणाऱ्या रुळाच्या बाजूला बारीक काळा डोळा असतो, तो वेग बघतो. त्याला दिसेनासं झालं की यंत्राला वाटतं पट्टा फिरतच नाही. मग ते जोर लावतं आणि घाबरून बंद पडतं. मी टॉर्च मारला. डोळ्यावर वाळलेलं, गोल, ठसठशीत गंध. त्यात अप्पांच्या बोटाची रेघ न रेघ उमटलेली.

मी रुमालानं ते पुसलं आणि बटण दाबलं. पट्टा सुरळीत फिरू लागला. काय झालं होतं, मालकांनी विचारलं. मी धूळ म्हणालो. अप्पांवर मी चिडलो होतो खरा, पण त्यांची चूक दुसऱ्या कुणी काढलेली मला सोसली नसती.

अप्पा माझ्या रुमालाकडे बघत होते. त्यांनी मालकांना तमिळमध्ये सांगितलं, की धूळ नव्हे, ते माझं गंध. मग माझ्याकडे वळून आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "डोळा दिसला म्हणून लाविलों रे. मी असतों तर मोटर फोडलों असतों. तू सापडविलास."

ऑटो रिकामीच परत गेली.

पुढच्या आयुधपूजेला पाटावर पक्कड आणि हातोडीच्या मधोमध माझा मल्टिमीटर होता. कुंकू होतं, फूल होतं, गंध मात्र दिसेना. मी उचलून पाहिला. अप्पांनी ते मागच्या बाजूला लावलं होतं, काचेपासून लांब.