डाव्या बाजूचे डॉल्फिन

"गावंडे, उद्या सकाळी लाँच मालवणला पाणी आणि बर्फ भरायला थांबेल. तुम्ही तिथे उतरा."

आमच्या मोहिमेच्या प्रमुख डॉ. रेगे बाईंनी हे चहा पिता पिता सांगितलं. आवाज चढवला नाही की कपाळाला आठी नाही. नापास झालेल्या मुलाला मीही असंच सांगत असे, त्यामुळे हे किती वाईट आहे ते मला लगेच कळलं.

साठीच्या दशकातली ही गोष्ट. मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे मुलांकडून बेडूक आणि झुरळं फाडून घेणारा. मुंबईच्या एका संस्थेने कोकण किनाऱ्याजवळच्या डॉल्फिन आणि देवमाशांची मोजणी काढली होती. पगार नाही, फक्त जेवण. आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांकडे सूचना आली, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी हात वर केला. तोवर मी पूर्णेचा पूर पाहिला होता, समुद्र नाही.

पुढे जे झालं त्याला माझा इलाज नव्हता. कॉलेजने सत्कार केला. दर्यापूरजवळच्या आमच्या गावानेही केला. सत्कार परत आल्यावर करायचा असतो, असं मी म्हणून पाहिलं. तेव्हा सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुमी वापस आले तं पुना करू. नाई आले तं राहून जाईन नं!" बडनेरा स्टेशनवर हारांनी माझी मान दिसेनाशी झाली होती. असा गेलेला माणूस निम्म्यातून परत आला, तर अमरावतीत त्याने तोंड कुठे दाखवायचं? राजकमल चौक ओलांडणंही मुश्कील झालं असतं.

आता काम काय होतं ते सांगतो. रत्नागिरीहून एक मासेमारीची लाँच भाड्याने घेतली होती. ती किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे हळूहळू चालायची. उजव्या बाजूला, म्हणजे खोल समुद्राकडे, स्वतः रेगे बाई बसायच्या. डावीकडे, किनाऱ्याच्या अंगाला, मी. आपापल्या बाजूवर नजर ठेवायची, दुसऱ्याच्या बाजूला मान वळवायची नाही. प्राणी दिसला की मोठ्याने मोजायचं. याला त्या 'साइटिंग' म्हणत. लिहायचं काम जोगळेकर सरांचं. ते पुण्याच्या एका हायस्कुलातले विज्ञानशिक्षक, अतिशय काटेकोर माणूस. वर कागद उडतात म्हणून ते खाली केबिनमध्ये बसायचे आणि झडपेतून आमचे आकडे ऐकून लिहायचे. त्यांना समुद्र दिसत नसे. आम्हाला त्यांचे कागद दिसत नसत. किती झाले हे कळलं की माणसाचे डोळे उगाच जास्तीचे प्राणी पाहू लागतात, असं बाईंचं म्हणणं होतं. मला ते पटलं. सगळं कसं शास्त्रशुद्ध होतं.

पहिला दिवस मी उलट्या करण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी जरा सावरलो, तोच डॉल्फिनचा कळप आला. काय सांगू! काळ्याभोर पाठी पाण्यातून एकामागून एक वर येत होत्या, ज्वारीच्या पाटीसारखं नुसतं भरभरून येणं. मी ओरडलो, "लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा!"

खालून जोगळेकरांचा आवाज आला, "सहा. नोंदले."

हे 'लाभ' ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या पायलीला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. राशीला बरकत यावी म्हणून. लहानपणापासून आमच्या खळ्यावर मोठ्याने मोजायचं काम माझंच होतं. वर्गात मी एक म्हणतो, दुकानात एक म्हणतो. पण समोर भरभरून काही येऊ लागलं आणि मोठ्याने मोजायचं म्हटलं की जीभ आपली खळ्यावर जाते. मला त्यात काही वेगळं वाटलंही नाही.

जोगळेकरांना मात्र वाटलं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तुमच्या वऱ्हाडात मोजायच्या आधी लाभ म्हणतात वाटतं?"

"हो, म्हनतात नं."

"छान प्रथा आहे," ते म्हणाले.

मलाही बरं वाटलं. पुण्याच्या माणसाने आमच्या कशाला तरी छान म्हटलं होतं.

त्यानंतर माझ्या बाजूला कळप थोडेच आले. पण सुटी जनावरं पुष्कळ. किनाऱ्याजवळ एक लहान जात असते, पाठीवर पर नसलेली. ती उड्या मारत नाही, कळपात फारशी राहत नाही. पाण्याला जरा फुगवटा येतो, राखाडी पाठ दिसते, की गेलीच. ती टिपायला नजर लागते आणि माझी चांगली बसली होती. मी ओरडायचो, "लाभ!" थोड्या वेळाने दुसरीकडे एखादी दिसायची. पुन्हा "लाभ!" खालून उत्तर येत नसे. बाई पलीकडच्या अंगाला, इंजिनच्या धडधडीत त्यांना माझं ओरडणं ऐकू जात नसे. मला वाटलं, सुट्या जनावराची इथे पोच देत नसावेत.

आणि आता बाई मला उतरवत होत्या.

"बाई, मले तं रोज दिसून राहिले," मी म्हणालो.

"तुमच्या बाजूच्या नोंदी तसं म्हणत नाहीत. एक तर आपल्या इंजिनचा धूर डावीकडून बाहेर पडतो त्याला प्राणी घाबरतात, नाही तर तुम्ही झोपता. धुरावर मी दोन पानं लिहून ठेवली आहेत. पण झोपेची शंकाही फिटायला हवी, म्हणून मालवणला दुसरा माणूस घेते."

मला संताप आला. दिवसभर उन्हात डोळे फोडायचे आणि वर झोपतो म्हणून ऐकून घ्यायचं! पण वाद घालणार कोणाशी? त्यांच्याकडे कागद होते, माझ्याकडे नुसते डोळे. रात्रभर मी अमरावतीत काय सांगायचं ते जुळवत पडलो. काही जुळलं नाही.

सकाळी मालवण दिसू लागलं. मी ट्रंक बांधून ठेवली आणि शेवटच्या पाळीला जाऊन बसलो. बसलो नसतो तरी चाललं असतं, पण 'झोपतो' हा शब्द जिव्हारी लागला होता.

आणि माझ्यासमोर पाणी फाटलं. आमच्या लाँचएवढी पाठ वर आली. ती संपता संपेना. फुस्स करून वाफेचा खांब उडाला. देवमासा! ज्याच्यासाठी ही सगळी मोहीम काढली होती, तो माझ्या बाजूला, डाव्या बाजूला आला होता.

"लाभ!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"हं, बोला," खालून जोगळेकर.

"लाभ! लाभ!"

"कळलं हो. पुढे?"

"पुढं काय, माहं डोस्कं? एवढा मोठा लाभ दिसून राहिला, लिहित काहून नाही तुमी?"

"अहो, आधी मोजा तरी!" जोगळेकरांचा आवाज अगदी शांत.

रेगे बाई उजवीकडे ताठ बसलेल्या. दुसऱ्याच्या बाजूला मान वळवायची नाही हा नियम त्यांचाच होता आणि आकडा ऐकू आला नव्हता. देवमासा तेवढ्यात आणखी जवळ आला आणि त्याने पुन्हा श्वास सोडला. वारा आमच्याकडे होता. तो फवारा माझ्या अंगावरून सरळ झडपेतून खाली गेला. देवमाशाच्या श्वासाला सडक्या मासळीचा वास येतो, हे पुस्तकात फार सौम्य शब्दांत लिहिलेलं असतं.

मागून तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, ओरडला, "बाईनू, देवमासो!"

बाई नियम टाकून धावल्या. त्यांना त्याची पाठ आणि शेपटीचं टोक दिसलं. मग तो बुडाला तो बुडालाच. जोगळेकर चष्मा पुसत वर आले. कागद भिजलेले, मिशीवरून पाणी गळतंय, पण पेन्सिल तयार.

"गावंडे, किती होते?"

"लाभ म्हनलो नं!"

"ते झालं. पण किती?"

"अहो, लाभ म्हनजेच एक!"

बाई बर्फाच्या पेटीवर बसल्या. "जोगळेकर," त्या हळूच म्हणाल्या, "हे याआधी नुसतं लाभ म्हणून थांबले, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"वाट पाहत होतो," जोगळेकर म्हणाले. "मला वाटलं, हे मोजायच्या आधी देवाचं नाव घेतात आणि तेवढ्यात जनावर निघून जातं. दोन आलं नाही की मी सोडून देई."

"आणि असं किती वेळा झालं?"

"ते कसं सांगणार? लिहिलंच नाही ना."

बाईंनी धुरावरची दोन पानं काढली, एकदा वाचली आणि फाडून समुद्रात टाकली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मालवणला मी ट्रंक उचलून फळीवर पाय ठेवला, तर मागून हाक आली, "कुठे निघालात? ट्रंक ठेवा. परत रत्नागिरीला जायचंय. डावी बाजू पहिल्यापासून मोजायची आणि सगळ्या पाळ्या तुम्हीच करायच्या."

"डिझेल पुरूचा नाय," तांडेल म्हणाला.

"भरा," बाई म्हणाल्या.

मला हसावं की रडावं कळेना. जन्मात शिक्षा ऐकून इतका आनंद झाला नव्हता. आधी पाहिलेलं एकही जनावर बाईंनी हिशेबात धरलं नाही. मी आठवून सांगू लागलो, तर म्हणाल्या, त्या वेळी नोंदलं नाही ते दिसलं नाही. कडक होतं, पण बरोबर होतं. दुसऱ्या खेपेला डावी बाजू उजवीपेक्षा सरस निघाली. देवमासा काही पुन्हा आला नाही.

पुढे बरीच वर्षं मी प्रॅक्टिकल घेतली. वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांकडून एक ते दहा मोठ्याने मोजून घेत असे. मुलं हसायची. दर वर्षी कुणीतरी भातकुली-दर्यापूरकडचा लाभपासून सुरू करायचाच. त्याला मी कधी टोकलं नाही. त्याच्याशेजारी लिहायला बसणाऱ्याला मात्र उभं करून समजावत असे.