शुक्रवारची घरगाडी

तुम्ही निघायला उठलात, की दादूस स्टो पेटवायचा. तुमचा पाय चपलेत जायच्या आत आतून पंप मारल्याचा आवाज यायचा आणि मग तो दारात येऊन म्हणायचा, "आधन ठेवलंय रं. आता गेलास तर पाणी फुकट जाईल." 'थांब' हा शब्द त्याने कधी वापरला नाही. पाणी फुकट जाऊ नये म्हणून आपण बसायचं, अशी ती व्यवस्था होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याकडे बसल्यावर आपण हळूच घड्याळाकडे बघतो. आपण बघितलं हे त्याला दिसतं, पण दिसलं नाही असं तो दाखवतो.

त्याचं नाव लिहीत नाही. भिवंडीत आम्ही सगळे त्याला दादूस म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. परवा माझा जुना दोस्त बाळाराम नातवाच्या लग्नात पोरांना रंगवून सांगत होता, "आमचा एक दोस्त होता. त्यानं आमच्याकडनं गाडी फुकटात दुरुस्त करून घेतली आन् गुपचूप विकून खाल्ली!" पोरं हसली. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. दादूसने गाडी विकली नव्हती, हे ठाऊक असलेला मी आता एकटाच उरलो आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. दादूस यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. लूम बंद पडला की विणकर ओरडायचा आणि हा पाना घेऊन धावायचा. त्याच कारखान्यात मी मेहता, म्हणजे हजेरी आणि कापडाचे तागे लिहून ठेवणारा. बंद लूमला पान्याने दोनदा ठोकून तो कान लावायचा आणि म्हणायचा, "रुसलाय. काढतो रुसवा."

घरी त्याच्याशी रुसणारं कोणी नव्हतं. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दुसरं लग्न त्याने केलं नाही. भावांनी वाटण्या करून खाडीकडची जमीन घेतली आणि याच्या वाट्याला गावाच्या टोकाचं घर आणि भलंमोठं अंगण आलं. सहा दिवस त्याचं बरं चालायचं. गावात लूमची अशी खटखट असे, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. शुक्रवारी सगळे कारखाने बंद. आम्हाला ती शांतता हवीहवीशी वाटायची. दादूस एकदा म्हणाला होता, "खटखट असली का घर भरल्यावानी वाटतं. शुक्रवारी भांडं पडलं तरी दचकायला व्हतं."

अशात ती गाडी आली. एक गोरा आणि त्याची बायको त्यांच्या मुलखातून गाडी चालवत गणेशपुरीच्या आश्रमात आले होते. परत जाताना त्यांच्या गाडीने नेमका दादूसच्या घरासमोर जीव सोडला. ते दोघं काही दिवस त्याच्या ओट्यावर राहिले, त्याच्या हातचा भात आणि सुकट खाल्ली. मग त्यांना घरून तार आली. गोऱ्याने किल्ली दादूसच्या हातात ठेवली आणि दोघं विमानाने निघून गेले.

पावसाळा गेला तरी गोरा परत आला नाही. तेव्हा दादूसने शेजाऱ्याची बैलजोडी जुंपून गाडी अंगणात ओढून घेतली. आम्ही बघायला गेलो. तसली गाडी भिवंडीत कुणी पाहिली नव्हती. आत उघडझाप करणारा पलंग, ओंजळीएवढं बेसिन, एक शेगडी, भिंतीतलं कपाट. पोरांनी तिचं नाव घरगाडी ठेवलं. पत्रा मात्र सगळीकडून सडला होता आणि पलंगात उंदरांनी संसार मांडला होता.

"उभी करू या हिला," दादूस म्हणाला. "शुक्रवारचे या. मी जेवण करतो."

आम्ही तिघं जायला लागलो. रफीकभाईचं बाजारात वेल्डिंगचं दुकान होतं, तो नमाज झाल्यावर यायचा. बाळाराम मूळचा अकलोलीचा, शेतकऱ्याच्या घरातला, आमच्या कारखान्यात सुतारकाम करायचा. आणि मी, इंग्रजी येतं म्हणून.

पहिल्याच शुक्रवारी बाळारामने गाडीचं पुढचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "दादूस, इंजिनच न्हाय हिला! गोऱ्यानं शेंडी लावली तुला." शेवटी इंजिन मागच्या बाजूला सापडलं. तेवढ्यात रफीकभाई खाली वाकून बघत म्हणाला, "और रेडिएटर? रेडिएटर किधर है?" आम्ही सगळी गाडी पालथी घातली. रेडिएटर नव्हता. "चोरी हो गया," रफीकभाईने निकाल दिला. "दादूस, तेरे पडोस में सब चोर भरे हैं."

मग त्याने तेलाच्या पत्र्याच्या डब्यांची टाकी बनवायला घेतली. त्यात कित्येक शुक्रवार गेले. दादूस टाकी धरून उभा राहायचा. "जरा वर घे रफीक. हां. आता झ्याक दिसते." टाकी झाली, पण तिची नळी इंजिनला जोडायची कुठे ते काही सापडेना. एके दिवशी पाणी प्यायला थांबलेला एक ट्रक ड्रायव्हर ते बघून पोट धरून हसला. "अरे भाई, ये हवा से ठंडी होती है. इसको पानी का क्या काम?" रफीकभाईने हातोडा आपटला आणि ड्रायव्हरलाच शिव्या घातल्या. दादूस खोकला येईपर्यंत हसला आणि स्टो पेटवायला आत गेला.

आम्हाला येत होती ती लूमची कामं. गाडीतही तीच शिरली. पंख्याला लूमचा पट्टा कापून बसवला. गाद्यांत कारखान्यातलं वाया गेलेलं सूत भरलं. पडदे कोऱ्या कापडाचे, त्यावर ताग्याचा शिक्का तसाच, ते माझ्या बायकोने शिवून दिले. बाळाराम गाडीभोवती फिरून म्हणाला, "आता चालू झाली तर हिच्यातनं लुगडंच बाहेर येईल."

असं वर्ष गेलं. ते शुक्रवार मला आठवतात ते हसण्यामुळे. दादूस बोंबलाचं कालवण करायचा. रफीकभाई आणि बाळाराम एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचे. आणि दादूस दोघांच्या मध्ये बसून नुसता बघायचा.

इंजिन मात्र चालू होईना. म्हणजे एखाद्या शुक्रवारी फुरफुरायचं, आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा मुकं. "मागल्या टायमाला बोलली होती की," बाळाराम वैतागायचा. दादूस म्हणायचा, "रुसली असंल."

मला तेव्हा मुलगा झाला होता. बायको म्हणायची, "अहो, त्या गाडीशीच लग्न लावायचं होतं तुमचं. पडदे तर मीच शिवलेत." हसत म्हणायची, पण तिचं दुखणं खरं होतं. आठवड्यात एकच दिवस सुट्टी मिळायची आणि त्या दिवशीही मी घरी नसायचो. दादूसला सरळ 'येत नाही' असं सांगायचं मला जमत नव्हतं. त्याच्या दारात गेलं की आधन ठेवलेलं असायचं.

दादूसची रात्रपाळी होती त्या आठवड्यात, बारशाचे पेढे द्यायला एका मधल्या वारी दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो. अंगणात तो पाठमोरा होता. गाडीचं मागचं झाकण उघडं होतं. त्याने डेल्कोची टोपी काढली. इंजिनला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला मेकॅनिक डेल्को म्हणतात. तिच्या आतला अंगठ्याएवढा रोटर त्याने अलगद काढला, सदऱ्याच्या खिशात टाकला, टोपी पुन्हा होती तशी बसवली आणि फडक्याने पुसली. मग गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला, गुराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

मी पेढे तसेच घेऊन परत फिरलो.

का, ते मला लगेच समजलं. गाडी चालू झाली की आमचं काम संपणार. जॉबरचा हात होता तो. लूम काय काढल्यावर थांबतो ते त्याला पक्कं माहीत होतं.

मी त्याच्याशी बोलू शकलो असतो. गाडी राहू दे, आम्ही असेच येत जाऊ, महिन्यातून एकदा तरी, असं म्हणू शकलो असतो. मी काय केलं, तर कुर्ल्याच्या भंगारबाजारात जाऊन तसलाच एक रोटर शोधून आणला. पुढच्या शुक्रवारी दादूस आत कालवण ढवळत असताना मी तो बसवला आणि रफीकभाईला म्हणालो, "मार किल्ली."

इंजिन धडधडायला लागलं आणि थांबलंच नाही. बाळाराम नाचायला लागला. रफीकभाई ओरडला, "दादूस! बाहर आ! तेरी गाडी बोल रही है!" दादूस दारात आला. हातात पळी होती. त्याचा दुसरा हात सदऱ्याच्या खिशावर गेला, चाचपडला, तिथेच राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"झाली का चालू," एवढंच तो म्हणाला.

त्याच दुपारी आम्ही घरगाडी घेऊन अकलोलीला गेलो. रफीकभाईने गाडी चालवली. वज्रेश्वरीच्या रस्त्याला लोक थांबून बघत होते. दादूस मागे, स्वतःच भरलेल्या गादीवर, पाहुण्यासारखा बसला होता. गरम पाण्याच्या कुंडात उतरल्यावर रफीकभाई आणि बाळाराम पलीकडे गेले, तेव्हा तो माझ्याशेजारी सरकला.

"मेहता, एक सांगू? हिला पाणी लागत न्हाय हे गोऱ्यानं मला तवाच सांगितलं होतं. हातानं खुणा करून."

"मग टाकी बनवताना बोलला का नाहीस?"

"रफीक रंगात आला होता."

वाफेत त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. थोड्या वेळाने तो मोठ्याने, तिघांनाही ऐकू जाईल असं म्हणाला, "मंग? आता काय काढायचं?"

बाळाराम अंग चोळत राहिला.

पुढच्या शुक्रवारी आमच्यापैकी कोणी गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्हा तिघांचं काही ठरलं नव्हतं. काम संपलं होतं, इतकंच.

महिना दोन महिने झाले असतील. एका सोमवारी, रात्रपाळी असल्यामुळे दिवसा घरी असलेला दादूस कारखान्यात माझ्याकडे धावत आला. "मेहता, चल लवकर. गोरा आलाय!" त्याच्या तोंडावर असं हसू मी कितीतरी दिवसांनी बघत होतो. गोरा अंगणात गाडीभोवती फिरत होता. पडदे, गाद्या बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला गोव्याला जायचं होतं, उद्याच. दादूसने किल्ली त्याच्या हातात दिली. त्याची वस्तू होती.

मग दादूस मला म्हणाला, "त्याला सांग, शुक्रवारपर्यंत ऱ्हा म्हणावं. गाडीचा धनी आलाय म्हटल्यावर रफीक येईल, बाळाराम येईल. मी कोंबडी आणतो. सांग त्याला. तीन-चार दिवसांनी काय व्हतंय?"

त्या शुक्रवारी बायकोला आणि मुलाला घेऊन कल्याणला सासुरवाडीला जायचं मी कबूल केलं होतं. दादूसकडे जेवण ठरलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं. मी गोऱ्याकडे वळलो आणि म्हणालो, "ही सेज, हॅपी जर्नी." गोऱ्याने दादूसचे दोन्ही हात धरून हलवले.

"काय म्हणतो?" दादूसने विचारलं.

"त्याला जमत नाही म्हणतो," मी सांगितलं.

मंगळवारी सकाळी गाडी गेली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत रफीकभाईने अंगण रिकामं बघितलं होतं. "बेच दिया साले ने," तो चहाच्या टपरीवर म्हणाला. "साल भर मुफ्त में घिसाया हमको, और बताया तक नहीं." बाळाराम म्हणाला, "म्हणूनच कालवण खायला घालत होता." मी तिथेच होतो. खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं, तर ते दोघं माफी मागायला त्याच्याकडे गेले असते, मलाही जावं लागलं असतं, आणि शुक्रवार पुन्हा सुरू झाले असते. मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो.

रफीकभाई पुन्हा त्याच्याशी बोलला नाही. बाळाराम कारखान्यात तोंड फिरवायचा. दादूसने कधी कुणाला खुलासा दिला नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, मी सांगितलं असेल आणि तरीही ते येत नाहीत. हा विचार मला अजून झोपू देत नाही.

काही वर्षांनी, एका पावसाळ्यात, तो तापाने गेला. मी दुसऱ्या कारखान्यात लागलो होतो. मला कळलं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं.

तो जायच्या आधीचा एक शुक्रवार आठवतो. लूम बंद, रस्ता शांत. मी सायकलवर, मुलगा पुढच्या दांडीवर, बायको मागे कॅरिअरवर. दादूस त्याच्या ओट्यावर एकटा बसला होता. आम्हाला बघून तो उठला, पायरी उतरून अंगणाच्या कडेपर्यंत आला.

"मेहता! ए मेहता!"

शुक्रवार होता. हाक स्वच्छ ऐकू आली.

"अहो, तुम्हाला बोलावतायत," बायको म्हणाली.

"उशीर होतोय," मी म्हणालो आणि पायडल जोरात मारलं.

कुठे जायला उशीर होत होता, ते मला आता आठवत नाही.