रादेनची लकेर

क्लातेनजवळच्या आमच्या वस्तीत पाक, म्हणजे बाबा, मुजिमानांना शिंपी म्हणून कोणी ओळखत नाही. आयुष्यभर त्यांनी शाळेच्या पोरांचे गणवेश शिवले, पण नाव झालं ते एका दयाळ पक्ष्यामुळे. रादेन त्याचं नाव. पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धेत रादेनचा पिंजरा वर चढला की बाकीचे मालक कपाळाला हात लावत. त्याची एक खास लकेर होती: दोन लांब चिरके सूर, मग दम खाल्ल्यासारखा थांबा आणि एकदम खाली घसरणारी तान. त्या थांब्यावर परीक्षक जीव ओवाळून टाकत. "शिकवली कोणी?" असं विचारलं की मुजिमान हळूच शीळ घालून दाखवत आणि मिशीत हसत. ती शीळ लकेरीच्या आसपासही फिरकत नसे, पण जिंकलेल्या माणसाशी हुज्जत कोण घालणार? सगळे त्यांना गुरू म्हणू लागले.

रादेन जाऊन जमाना झाला. मागे उरली त्याच्या आवाजाची एकच कॅसेट. यंदा मुजिमानांकडे कलेम नावाचा तरणा दयाळ आला, आणि ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेत त्याने रादेनची लकेर घ्यावी, असं म्हाताऱ्याच्या मनाने घेतलं. पाखराला शिकवायचं म्हणजे पिंजऱ्यावर कापड टाकून दिवसभर तोच आवाज त्याच्या कानावर घालायचा. कॅसेटला बुरशी लागलेली. एवढी घोकंपट्टी तिला झेपणारी नव्हती. सेमारांगला राहणाऱ्या लेकीने, वेनिंगने, फोनवर तोडगा सांगितला: कॅसेट एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग मोबाइलवर कितीही वाजवा.

मुजिमानांनी वायरबियरच्या भानगडीत न पडता टेपरेकॉर्डरच्या तोंडाशी मोबाइल धरला. रादेनबरोबर कोंबड्या उतरल्या, शेजारची मोटरसायकल उतरली आणि बायको बू रुबिनेमही उतरल्या. "पाकने, ताटातलं तेंपे गार होतंय. येताय, की पाखराला घालू?" वेनिंगचा बाप म्हणून त्या नवऱ्याला पाकने म्हणत, आणि वेनिंगची आई म्हणून ते त्यांना बुने म्हणत.

"बापाक, मी वायर पाठवली ती काय कपडे वाळत घालायला?" वेनिंग हसून हसून बेजार झाली.

मग वायर जोडली. कॅसेट मध्येच तुटली, तेव्हा मुजिमानांनी शिंप्याच्या बारीक कात्रीने टोकं सरळ कापून चिकटपट्टीने अशी जोडली की सांधा दिसू नये. अख्खी बाजू वाजून संपेपर्यंत ते हेडफोन लावून खुर्चीला खिळून बसले. रादेन सुरेख उतरला होता, पण मागे सतत किर्रर्र किर्रर्र चाललं होतं. कॉम्प्युटरमध्ये सफाईची सोय होती. नको असलेल्या आवाजाचा तुकडा दाखवायचा, की तो सगळीकडून पुसला जातो. मुजिमानांनी इस्त्री फिरवल्यागत सफाई केली, सुरुवातीचं थोडं ऐकून मान डोलावली आणि ते साफसूफ गाणं जुन्या गाण्यावरच सेव्ह केलं.

कलेम गुणी निघाला. सगळं उचललं, फक्त लकेर सोडून. लकेरीची जागा आली की पठ्ठ्या पंख साफ करत बसे. शेवटी मुजिमानांनी फाइल पुरती ऐकली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लकेर फाइलमध्येच नव्हती. धावत जाऊन त्यांनी कॅसेट लावली, तर मशीनने तिच्या शेवया केल्या. या वेळी जोडण्यासारखं काही उरलं नाही. रादेनची लकेर आता जगात कुठेच नव्हती. म्हातारा रडकुंडीला आला.

"बापाक, तो प्रोग्राम आपल्या मनाने काही पुसत नाही," वेनिंग फोनवर म्हणाली. "तुम्ही दाखवलं त्याच्यासारखं जे असेल ते पुसतो. काय दाखवलंत?"

"मागची किरकिर."

"मग लकेर त्या किरकिरीसारखीच असणार."

"जिभेला काही हाड? कुठे रादेन, कुठे किरकिर!"

बू रुबिनेम तिथेच चवळीच्या शेंगा मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असणारच की. माझ्या विहिरीची कप्पी आहे ती."

मुजिमानांनी फोन बायकोच्या दिशेने धरला.

"कप्पीला तेल घाला, तेल घाला, सांगून तोंड दुखलं माझं. मी पहाटे पाणी ओढायचे आणि तुमचा राजा वळचणीच्या पिंजऱ्यात बसून ऐकायचा. मेला नक्कल करायचा माझी."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बुने, तुला यातलं काय कळतं."

फोनवर वेनिंगचं दाबलेलं हसू ऐकू आलं.

मोटर बसल्यापासून विहिरीला कोणी हात लावला नव्हता, पण कप्पी आडव्या लाकडाला तशीच गंजत लटकली होती. मुजिमानांनी नवा दोर आणला, कलेमचा पिंजरा वळचणीला टांगला आणि आयुष्यात पहिल्यांदा पोहरा विहिरीत सोडला. रुबिनेम चहाचा कप घेऊन पायरीवर बसल्या.

"अहो, हिसडू नका. लांब ओढा. आणखी एकदा. आता थांबा."

"थांबू कशाला? पोहरा अर्ध्यात आहे."

"मी थांबायचे. वेनिंग कडेवर असायची ना. घसरायची, तिला वर घ्यावं लागायचं."

मुजिमान दोर धरून तसेच उभे राहिले. ज्या थांब्यावर सगळे जीव टाकत, ज्याच्यासाठी त्यांनी मिशीत हसून शाबासकी खाल्ली, तो हा होता. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी दोर ओढला.

मग रोज सकाळी हाच कार्यक्रम. मुजिमान ओढत, रुबिनेम कपावर चमचा वाजवून थांबायची खूण करत. येणारे-जाणारे विचारत, "गुरू, मोटर जळाली काय?"

ऑगस्टच्या स्पर्धेत कलेमने दोन लांब सूर घेतले, थांबला आणि घसरला. नंबर दुसरा आला, बक्षीस टेबलफॅन. पहिला आलेला पाक दारसोनो मात्र स्वतःचा पिंजरा टाकून धावत आला. "गुरू, हीच ती! फाइल द्या मला, पेनड्राइव्ह आणलाय."

मुजिमानांचे ओठ शीळ घालायला सवयीने गोल झाले. मग त्यांनी ते मिटले. "गुरू मी नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "माझी बायको. घरी चल, तिला विचार."

रुबिनेमनी दारसोनोकडून आधी न्हाणीची टाकी भरून घेतली. मग स्वतः उठल्या. मुजिमानांनी मोबाइल विहिरीच्या कठड्यावर ठेवला, कोंबड्या हाकलल्या. रुबिनेमनी दोनदा ओढलं, थांबल्या, आणि त्यांचा एक हात आपसूक कमरेशी गेला, कडेवरच्या पोरीला सावरायला. मुजिमानांनी ते पाहिलं.

फाइल सेव्ह करताना कॉम्प्युटरने गायकाचं नाव विचारलं. आजवर त्या जागी रादेन होता. मुजिमानांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, रुबिनेम असं लिहिलं.

बायकोने मागून वाकून वाचलं. म्हणाल्या, "नाव राहू द्या. कप्पीला तेल कधी घालताय?"

"आता कधीच नाही," मुजिमान म्हणाले. "पण पाणी मी ओढीन."