समुद्रापलीकडचा फंड

रंगूनहून आम्ही कायमचे बंगळूरला परतलो तेव्हा यांनी सगळं काही बरोबर आणलं. सागवानी पेट्या, बर्मी छत्र्या, अगदी अर्धी संपलेली लोणच्याची बरणीसुद्धा. आणला नाही तो फक्त फंड. ऐन उमेदीची सगळी वर्षं लाकडाच्या कंपनीत कारकुनी करून, दरमहा पगारातून कापला जाऊन साठलेला पैसा तिथेच ठेवून हे बोटीत बसले.

कारण घरातलंच होतं. बाहेरदेशी कमावून आलेल्यानं पैसे आधी थोरल्या भावाच्या हातात ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आमची भाषा अर्धी कानडी झाली, पण ही रीत तसूभर झिजली नाही. माझे थोरले दीर, सगळ्यांचे अण्णा, पेठेतल्या एकत्र घराचे कारभारी होते. कुणाची मुंज, कुणाचं आजारपण, कुणाचं बसलेलं दुकान, सगळीकडे ते सढळ हातानं देत. आणि त्यांना 'नाही' म्हणायची यांची काय बिशाद! म्हणून यांनी पैसाच समुद्रापलीकडे ठेवला.

"व्याज चढतंय, कुणाची नजर नाही. पाया खणायचा दिवस ठरला की मागवून घेऊ," असं मला सांगताना हे शाळकरी पोरासारखे खूश होते.

पाया खणायचा होता राजाजीनगरात. माझ्या वडिलांनी माझ्या नावावर तिथे एक साइट घेऊन दिली होती. तेव्हा तिथे नुसती तांबडी माती आणि कोपऱ्यांना रोवलेले दगड. रविवारी आम्ही चित्रान्नाचा डबा घेऊन जायचो. हे छत्रीच्या टोकानं मातीत खोल्या आखायचे. मला स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी हवी होती, त्यावरून दर वेळी वाद व्हायचा आणि दर वेळी मीच जिंकायची. पन्नाशीला आले तरी माझ्या हक्काची एक चूल नव्हती. मला ते घर फार हवं होतं.

अण्णा अधूनमधून विचारायचे, "फंडाचं काय झालं रे?"

"यायचंय की अजून. तिकडं स्वल्प वेळ लागतो, अण्णा."

"सरी, येऊ दे," म्हणून अण्णा पानाला चुना लावायला घ्यायचे.

पण घर बांधायला काढलं असतं तर पैसा आल्याचं उघड होऊन तो आधी अण्णांच्या हातात गेला असता. मग पुतणीचं लग्न आधी उरकू दे, असं ठरलं. पाठोपाठ दुसरीचं निघालं. तोवर तिकडचं राज्य बदललं, कंपन्या सरकारजमा झाल्या आणि पैसा देशाबाहेर पाठवायला बंदी आली. यांनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी उत्तर आलं की रक्कम सुरक्षित आहे, फक्त बाहेर धाडता येत नाही. त्या 'सुरक्षित'चा मला असा संताप आला की त्या दिवशी मी यांच्याशी बोललेच नाही.

पुढे यांच्या आजारपणात साइट विकावी लागली. फंड असताना साइट का विकायची, असं अण्णांनी विचारलं, तेव्हा त्यांना सगळं सांगणं भाग पडलं. हे पलंगावर उठून बसले आणि खाली मान घालून बोलत राहिले. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मी घेऊन टाकीन म्हणून भ्यालास होय रे? अरे, तुझं घर आधी बांधलं असतं की."

अण्णांनी खरंच बांधलं असतं? मला नाही वाटत. तो पैसा लग्नांत आणि दुकानांत कधीच विरून गेला असता, असं मी आजही म्हणते. पण यांनी ते वाक्य खरं मानलं. घर गेल्याचं दुःख माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. यांना लागून राहिलं ते दुसरंच, थोरल्या भावावर भरवसा ठेवला नाही हे. आजारातून उठल्यावर पुढे जितकी वर्षं हे होते, तितकी वर्षं पंगतीत अण्णांच्या शेजारी बसायचे आणि वाढलेलं मुकाट्यानं खायचे. मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत.