रिकाम्या घरात अंथरलेली सतरंजी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, शाळेच्या कचेरीत पगारपत्रकं लावत होते. "ताई, हे गेले..." एवढंच बोलली. कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी मी बसमध्येच केली. जळगावला पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत बसलेली निम्मी माणसं माझ्या यादीत नव्हतीच. ती भाऊची गिऱ्हाइकं होती.

माझा मोठा भाऊ जळगावात एका बिल्डरची नवी घरं विकायचा. पगारावर नाही, कमिशनवर. फ्लॅट गेला तर पैसे, नाही तर काही नाही. पेट्रोल स्वतःचं, फोन स्वतःचा. बुकिंग रद्द झालं की हातात आलेलं कमिशनही परत करायचं. पितृपक्षात तर कुणी घर बघायलाही येत नसे. तो पंधरवडा वहिनी आधीच भरून ठेवलेल्या डाळ-तेलावर काढायची.

या धंद्यात घर सकाळी दाखवतात, गार वाऱ्याला. भाऊ मे महिन्यात भर दुपारी न्यायचा, अगदी वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये. स्कूटरच्या डिकीतली सतरंजी काढून रिकाम्या हॉलमध्ये अंथरायचा आणि सगळ्या कुटुंबाला बसवायचा. "उभ्या-उभ्या घर कळत नाही. बसा, पाणी प्या, मग बोलू." एकदा मीही सोबत होते. धुळ्याकडच्या खेड्यातले एक आबा मुलासाठी घर बघायला आले होते. थोड्याच वेळात ते उपरण्याने वारा घेत उठले. "हाई घर नही शे भाऊ, भट्टी शे!"

"म्हणून तर आत्ता आणलं, आबा," भाऊ हसत म्हणाला. खालच्या मजल्यावरचे फ्लॅट आधीच गेले होते. आबा गेले, त्यांच्याबरोबर कमिशनही गेलं. जिना उतरताना मी चिडले, "सकाळी आणलं असतंस तर?"

"तर दर मे महिन्यात आबांनी माझी आठवण काढली असती," तो म्हणाला.

बिल्डर माणूस वाईट नव्हता. त्याला भाऊचं बोलणं आवडायचं, सतरंजी नाही. एके दिवशी म्हणाला, "ती घरी ठेवा, दुपारी न्यायचं बंद करा. महिन्याचा पगार सुरू करतो." ही लहान गोष्ट नव्हती. इतक्यांना घरं मिळवून देणारा भाऊ स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. दोनदा त्याने कर्जासाठी अर्ज केला, दोन्ही वेळा बँकेने पगाराची स्लिप मागितली. ती आणायची कुठून? आणि वहिनीच्या मनात तर स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा इथपर्यंत सगळं ठरलेलं होतं.

मी सरळ म्हटलं, "घे." भाऊने वहिनीकडे बघितलं. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, "तिथे तोंड मिटून बसाल आणि घरी येऊन माझं डोकं खाल. त्यापेक्षा भाड्याचं बरं." दुसऱ्या दिवशी सतरंजी उन्हात झटकून तिनेच डिकीत ठेवली.

त्यांचं घर शेवटपर्यंत झालं नाही. मला ते अजून बोचतं. पण तो गेला त्या दिवशी दारातल्या चपला बघितल्या आणि माझी मान ताठ झाली. हा माझा भाऊ...

गेल्या आठवड्यात मुलीसाठी फ्लॅट बघायला गेले. वेळ मुद्दाम दुपारची घेतली. वहिनी सोबत होती, तिच्या काखेत सतरंजी. घर दाखवणारे गृहस्थ गडबडले. "मॅडम, खुर्च्या मागवतो ना."

"नको. तुम्ही पगारावर की कमिशनवर?" मी विचारलं.

"कमिशनवर," ते हळूच म्हणाले.

वहिनीने सतरंजीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. ती अंथरून झाल्यावर वहिनी बसली, मी बसले आणि जरा घुटमळून तेही बसले. ऊन अजून खिडकीबाहेरच होतं. आम्ही त्याची वाट बघत राहिलो.